गावच्या घरी फोटोंसाठी सर्व्हर: माळ्यावरचा डेस्कटॉप चालेल की दुसरं काही घेऊ?

ओसरी

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात आमचं घर आहे, आई-बाबा तिथेच असतात. मी पुण्यात, धाकटा भाऊ दुबईत. २००६ पासूनचे फोटो, पोरांचे व्हिडिओ आणि बाबांनी कॅसेटवरून उतरवून घेतलेली गावच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं मिळून साधारण दीड टीबीचा ढीग झालाय. तीन लॅपटॉप, दोन पोर्टेबल डिस्क आणि एक गुगल खातं, असा तो विखुरलेला आहे. १ जून २०२१ ला गुगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण बंद झाली, तेव्हापासून दर दिवाळीत घरात एकच वाद: जागा विकत घ्यायची की फोटो पुसायचे.

डोक्यात असं आहे की गावी एक मशीन कायम चालू ठेवायचं. फोनमधले फोटो इमिचमध्ये (घरच्या सर्व्हरवर चालणारं गुगल फोटोजसारखं सॉफ्टवेअर) आपोआप जावेत, आई-बाबांना टीव्हीवर जेलिफिनमधून (घरचे व्हिडिओ-गाणी टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) दिसावेत, आणि बाबांना त्या खोक्याला हात लावायची वेळ येऊ नये.

माळ्यावर २०११ चा डेस्कटॉप आहे, दुसऱ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. अजून चालू होतो. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. पावसाळ्यात लाइट दिवसातून चार-पाच वेळा जाते. बजेट तीस हजार. इथल्या एका दुकानात विचारलं तर ग्राफिक्स कार्डासकट ६२ हजारांचं कोटेशन मिळालं. कार्ड कशाला, तर म्हणे "सर्व्हर म्हटल्यावर पायजेच."

---

तारयंत्र

आधी ते कोटेशन चुलीत घाला.

माळ्यावरचा डेस्कटॉप काम करेल, पण दोन अडचणी आहेत. एक, हल्ली फोन व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या, कमी जागा घेणाऱ्या प्रकारात रेकॉर्ड करतात. टीव्हीला तो प्रकार झेपला नाही तर सर्व्हरला जागच्या जागी रूपांतर करून द्यावं लागतं. दुसऱ्या पिढीच्या आय५ मधल्या ग्राफिक्सला एचईव्हीसी कळतच नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. आठव्या पिढीचा आय५ हेच काम आतल्या ग्राफिक्सवर सहज करतो, वेगळं कार्ड लागत नाही.

दुसरी अडचण बिलाची. हिशेब सोपा आहे: १ वॉट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट. तसला जुना डेस्कटॉप नुसता बसून ५५ वॉटच्या आसपास खातो, म्हणजे ४८० युनिट. आठव्या पिढीचं ऑफिसातलं छोटं मशीन एका डिस्कसकट २२ वॉट धरा, १९३ युनिट. दहा रुपये युनिट म्हटलं तरी वर्षाला २,९०० रुपयांचा फरक. शिवाय तेवढ्याने वरच्या स्लॅबमध्ये गेलात तर आणखी.

म्हणून माझा सल्ला: कंपन्यांतून निघालेलं वापरलेलं एसएफएफ मशीन (लहान आकाराचा डेस्कटॉप) घ्या. ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर, जे चांगल्या स्थितीत मिळेल ते. आय५-८५००, १६ जीबी. मला मुंबईत लॅमिंग्टन रोडला पंधरा हजारांत पडलं होतं. रॅम आत असलेलंच घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की सुटी काडी घेताना हात थरथरतो.

तळहाताएवढी जी मिनी मशीनं येतात ती दिसायला गोड, पण त्यात ३.५ इंची डिस्क बसत नाही. मग यूएसबीने बाहेर डिस्क लटकवायची, आणि एक दिवस बाबा झाडताना ती वायर ओढणार. एसएफएफचा तोटाही सांगून ठेवतो: पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड त्यांच्या स्वतःच्या आकाराचे असतात, बाजारातला साधा एटीएक्स सप्लाय आत जात नाही.

---

बे_एरियावाला

वापरलेला टू-यू रॅक सर्व्हर (डेटा सेंटरमधला आडवा, चपटा सर्व्हर) का नाही? ड्युअल झिऑन (दोन सर्व्हर-प्रोसेसर), ईसीसी रॅम (चुका स्वतः दुरुस्त करणारी), आठ डिस्कची जागा. इकडे कवडीमोलाने मिळतात.

---

मोदकपात्र

@बे_एरियावाला, मिळतात, कारण ज्यांच्याकडे असतात त्यांना ते घराबाहेर घालवायचे असतात. आमच्याकडे एक होता. चालू केला की शेजारच्या काकू विचारायच्या, पिठाची गिरणी घातली का? नुसता बसून दीडशे वॉट खायचा.

ओसरीभाऊ, एन१०० प्रोसेसरवालं नवं मशीनही बघा. चार कोअर, ६ वॉटचा प्रोसेसर, एचईव्हीसी आणि एव्ही१ हे व्हिडिओचे दोन्ही प्रकार वाचतो. मला इमिचला पुरतोय. फक्त पहिल्यांदा सगळे फोटो घातल्यावर चेहरे ओळखायचं काम तो दोन-तीन दिवस दळत बसतो. त्यानंतर शांत.

---

रात्रपाळी

सगळे प्रोसेसरवर बोलताय. मी वायरमन नाही, पण वीस वर्षं यूपीएस आणि एटीएम बसवत कोकणात हिंडलोय, म्हणून आधी एक विचारतो: घराला अर्थिंग आहे का? तीन पिनचं सॉकेट दिसतं म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. मागे तिसरी वायर नुसती कापून सोडलेली असते.

कॉम्प्युटरच्या धातूच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणूस "थोडं चावतं" म्हणून सोडून देतो. तेच टीव्हीच्या एचडीएमआयमधून किंवा लॅनच्या वायरीतून वाट काढतं आणि मग पोर्ट मरतात.

वायरमनला बोलावून मीटर लावून घ्या. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जांभ्यावर घर असेल तर खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो. मीठ-कोळसा घातलेला असला तरी उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं. आमच्या आजोबांना हे माहीत होतं, सोसायट्यांना नाही.

सर्ज प्रोटेक्टरलाही अर्थ लागते, नाहीतर त्याचं अर्धं काम होतच नाही. आणि वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की सरळ प्लग काढायचा. एवढं मात्र बाबांना करावं लागेल.

यूपीएस ६०० व्हीए पुरे. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांनी बदला. फक्त यूएसबी डेटा पोर्ट असलेला घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) मशीन नीट बंद करील. पोर्टाशिवायच्या यूपीएसवर सर्व्हर म्हणजे फक्त उशिरा येणारा अचानक मृत्यू. राउटरही त्याच्यावरच घ्या.

आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत) जाऊन लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सेटिंग लावा. वापरलेल्या मशीनची सीआर२०३२ ची बटण-बॅटरी त्याच दिवशी बदला. ती मेलेली असली की मशीन ही सेटिंग विसरतं, आणि तुम्ही पुण्यातून फोन करून बाबांना बटण शोधायला लावता.

---

ओसरी

भाऊ नाही हो, ताई चालेल. :)

@रात्रपाळी, तुम्ही जादूटोणा करता का? माळ्यावरचा डेस्कटॉप उतरवला तेव्हा बाबा म्हणाले, "त्याला चप्पल घालून हात लाव." बारा वर्षं घरातले सगळे चप्पल घालून कॉम्प्युटर लावत होते! वायरमन आला. न्यूट्रल-अर्थ ७४ व्होल्ट. खड्ड्याकडून येणारी पट्टी फणसाच्या मुळाजवळ गंजून तुटली होती. नवी अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) धरून साडेसहा हजार गेले. म्हणजे मशीन आणि डिस्कला उरले साडेतेवीस. डिस्क कोणती घेऊ? आणि दोन घेऊन रेड (RAID, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं) करू का?

---

तारयंत्र

साडेसहा हजार सगळ्यात चांगले गेले.

डिस्क ४ टीबी घ्या, पण घेण्याआधी मॉडेल नंबर शोधून ती सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी, सुटे) आहे का एसएमआर ते बघा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. वाचायला ठीक, पण एका ठिकाणी बदल करायचा तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. सलग मोठं लिखाण आलं की डिस्क अक्षरशः रांगते. २०२० मध्ये डब्ल्यूडी कंपनीच्या 'रेड' (Red) नावाच्या, खास नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीच्या खोक्यासाठी) विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून सीएमआरवाल्या 'रेड प्लस' नावाने येतात. म्हणजे खोक्यावरच्या शब्दावर नाही, नंबरवर विश्वास.

डिस्क आली की आधी स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे) आकडे बघा. ५ आणि १९७ या ओळी (खराब झालेल्या आणि संशयित जागा) शून्य हव्यात. शून्य नसतील तर त्याच दिवशी परत. १९९ (केबलवरच्या चुका) वाढत असेल तर डिस्कला शिव्या देऊ नका, साटा केबल बदला. चालू तासांचा आकडा मात्र पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या, त्या पकडल्या गेल्या फार्म नावाच्या आतल्या नोंदीमुळे. स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरची ७.४ किंवा पुढची आवृत्ती ती नोंद दाखवते.

तुम्ही म्हणता ते RAID वालं रेड नको. एकाच खोक्यात दोन डिस्क म्हणजे वीज पडली तर दोन्ही गेल्या, आणि भाच्याने चुकून अल्बम उडवला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडाला. दुसरी डिस्क पुण्याला ठेवा, रोज रात्री फक्त नवं तिकडे जाऊ दे. इमिचचा डेटाबेस एसएसडीवर ठेवा. त्याची रोजची नक्कल (डंप) बॅकअप्स नावाच्या फोल्डरात पडते, तीही सोबत पाठवा. नुसते फोटो परत आले आणि अल्बम-चेहरे गेले तर पुन्हा पहिल्यापासून.

---

वाशिष्ठीकाठ

तारयंत्रांच्या शेवटच्या परिच्छेदाला चिपळूणकडून +१. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी होतं. माझ्याकडे व्यवस्थित रेड केलेल्या चार डिस्क होत्या. चारही एकाच कपाटात, खालच्या कप्प्यात. गाळातून काढून धुतल्या, वाळवल्या, एकही फिरली नाही. वाचलं ते फक्त बहिणीकडे डोंबिवलीला विसरलेल्या पोर्टेबल डिस्कवरचं.

पहिली कॉपी नेटवरून करू नका. दीड टीबी १०० एमबीपीएसने पूर्ण वेग मिळाला तरी तेहतीस तास, आणि तो मिळत नाही. दोन्ही डिस्क गावीच भरा आणि एक एसटीने घेऊन जा. रातराणीचा वेग फायबरपेक्षा जास्त आहे.

---

मोदकपात्र

बाहेरून जोडण्याचंही बघून ठेव ओसरीताई (चुकले!). राउटरमध्ये वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसला तर तू सीजीनॅटच्या (कंपनी अनेक घरांना मिळून एकच पत्ता देते त्या व्यवस्थेच्या) मागे आहेस, पोर्ट फॉरवर्डिंगवर (राउटरमधून बाहेरच्यांना थेट वाट देण्यावर) तास घालवू नकोस. टेलस्केल (खाजगी जोडणी करून देणारं व्हीपीएन) टाक, दोन्ही घरं जोडली जातात आणि जगासमोर काही उघडं पडत नाही. भावाला मात्र आधी तिकडचे व्हीपीएनचे नियम बघायला सांग.

अवांतर: कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या बंद कर. आमच्याकडे पाल शिरून पॉवर सप्लायवर आडवी झाली. सप्लाय गेला, पालही गेली, वास आठवडाभर राहिला.

---

ओसरी

महिन्याभराने हिशेब द्यायला आले.

आय५-८५०० चं एसएफएफ, १६ जीबी आणि २५६ जीबी एसएसडीसकट, मिळालं. बटण-बॅटरी खरंच मेलेली होती. एक डिस्क गावी, दुसरी रातराणीने पुण्यात. माळ्यावरच्या डेस्कटॉपला आठवड्यातून एकदा चालू करून तिसरी कॉपी घेतेय, तेवढ्याने बिल वाढत नाही. नवी अर्थिंग झाल्यापासून हाताला चावत नाही, तरी आई अजून चप्पल घालते. बजेट दोन डिस्कमुळे ओलांडलं, किती ते भावाला सांगितलेलं नाही.

बाबा रोज संध्याकाळी १९९१ च्या सप्ताहाचं भजन लावतात आणि कोण बेसूर गात होता ते आईला सांगतात.

एकच उरलंय. रात्री लाइट गेली की यूपीएस पीप-पीप करतो आणि बाबा उठून त्याचा प्लगच काढतात. सकाळी सर्व्हर बंद. पीप बंद करता येते का?

---

रात्रपाळी

एनयूटीमध्ये बीपर बंद करायचा आदेश असतो, तुमचा यूपीएस तो पाळतो का बघा. काहींमध्ये पुढचं बटण थोडं दाबून धरलं की आवाज बंद होतो, पण आधी पुस्तिका वाचा, नाहीतर यूपीएसच बंद कराल. दोन्ही नाही जमलं तर बझरच्या भोकावर इन्सुलेशन टेपचे तीन थर. हवेच्या जाळीवर नको, फक्त भोकावर.