संकल्प आणि करार

‘चर्चमधलं नवीकरण म्हणजे नववर्षाच्या संकल्पालाच चढवलेला धार्मिक मुलामा, फेब्रुवारीत दोन्ही सारखेच बारगळतात’ असं कुणीतरी लिहिलंय, ते माझ्यापुरतं तरी अर्धं खरं आहे. पहाटे उठून बायबल वाचायचा माझा नेम बहुतेक वर्षी लेवीय या बायबलच्या तिसऱ्याच पुस्तकाच्या आसपास गचकतो.

पण मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथातल्या मंडळींची, देवाशी केलेल्या कराराच्या नूतनीकरणाची उपासना वेगळी आहे. पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने ती सुरू केली ती 11 ऑगस्ट 1755 ला, म्हणजे नववर्षाशी संबंध नव्हताच; पुढे ती वर्षाच्या पहिल्या रविवारी व्हायला लागली. त्या प्रार्थनेत ‘मी अमुक करीन’ अशी यादी नसते. उलट, देवा, तुझ्यासाठी मला कामाला लाव किंवा तुझ्यासाठीच बाजूला ठेव, असं म्हणायचं असतं. नोकरी गेली त्या जानेवारीत ‘बाजूला ठेव’पाशी माझा आवाजच फुटेना. शेजारच्या आजी मोठ्याने म्हणत होत्या, त्यांच्या आवाजामागे लपून ओठ हलवले. आणि दरवर्षी पुन्हा म्हणायचं, म्हणजे गेल्या वर्षीचं मोडलंय हे धरूनच चाललेलं असतं. संकल्पात ही सोय कुठे?