मंडळाच्या सभागृहात प्रथमोपचाराची तयारी कशी असावी?

प्रश्न: आमच्या मंडळात खेळ, व्यायाम आणि ज्येष्ठांचे कार्यक्रम नियमित होतात. प्रथमोपचार पेटी आहे, परंतु ती कुलूपबंद कपाटात असून किल्ली कार्यवाहांकडे असते. अपघात घडल्यास सुरुवातीची मिनिटे वाया जाऊ नयेत, यासाठी काय करावे?

उत्तर १: कुलूप आजच काढावे. निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज, हातमोजे आणि बोथट टोकाची कात्री वरच हाताशी ठेवावी. मुदत संपलेले साहित्य बदलण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे, अन्यथा ते कोणीच करत नाही.

उत्तर २: माझ्या मते पेटीपेक्षा प्रशिक्षण महत्त्वाचे आहे. प्रौढ व्यक्ती बेशुद्ध असेल आणि तिचा श्वास नीट चालत नसेल, तर रुग्णवाहिका बोलावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावे लागतात आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते. हे वाचून नव्हे, तर पुतळ्यावर सराव करूनच अंगवळणी पडते.

उत्तर ३: सहमत. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट मुळीच लावू नये. शिवाय सभागृहाचा पूर्ण पत्ता भिंतीवर ठळक अक्षरांत लावावा, कारण घाबरलेल्या माणसाला तोही ऐनवेळी आठवत नाही.