हा कोणत्या जातीचा? – भूभूवाल्यांनो, या आणि लिहा

कट्ट्यावरची:
आज सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याकडेने आमची स्वारी चालली होती. स्वारी म्हणजे बटाटा. वय वर्षे अकरा, डॅशहाउंड (हो हो, उच्चार चुकतो, खाली येतेच त्यावर), पोट जमिनीला टेकायला एक बोट कमी. पाठीवर क्रिकेटचं किट घेतलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा थांबला आणि म्हणाला, "काकू, हा एवढाच आहे की वाढायचाय अजून?" मला ऑफिसला उशीर होत होता, बटाट्याचा मुख्य कार्यक्रम उरकला नव्हता आणि हा प्रश्न मी अकरा वर्षांत हजारदा तरी ऐकलाय. "एवढाच" म्हणून पट्टा ओढणार, तेवढ्यात एकदम फाइव्ह गार्डन आठवलं.

१९८४-८५ असेल. आम्ही नायगावच्या चाळीत, एक खोली, सहा माणसं. कुत्र्याचा विषय काढला की आजी म्हणायची, "आधी तुझी झोपायची जागा शोध." रविवारी बाबा मला चालत माटुंग्याला न्यायचे. तिथे एक पारशी आजोबा यायचे. काळी टोपी, पांढरा लेंगा, हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला लाटण्याला पाय फुटावेत तसा कुत्रा. मी पहिल्या दिवशी विचारलं, "अंकल, इसका पाँव कौन काटा?" बाबांनी कपाळाला हात लावला. आजोबा हसले नाहीत. खाली उकिडवे बसले, गुडघे कुरकुरले ते मला ऐकू आले. म्हणाले, जर्मनीत बॅजर नावाचं जनावर बिळात राहतं, त्याच्या मागे बिळात घुसायचं तर पाय लांब कसे चालतील? "डाक्स मतलब बॅजर, हुंड मतलब कुत्ता. डॅशहाउंड बोलेगा तो ये माइंड करेगा."

पुढच्या रविवारी मी परत तेच विचारलं. त्यांनी परत सांगितलं, पण या वेळी पुढचे पंजे उचलून दाखवले, माती उकरायला कसे रुंद असतात ते. त्याच्या पुढच्या वेळी आवाज. एवढ्याशा देहाला एवढा मोठा आवाज का, तर बिळातून वर उभ्या असलेल्या मालकाला ऐकू जायला हवा. असं कितीतरी रविवार. एका रविवारी काही न बोलता पट्टाच माझ्या हातात दिला आणि मी बागेला अख्खी चक्कर मारली. बाबा मागून, ते मागून.

तर आज मी कट्ट्यावर बसले आणि त्या मुलाला बॅजरपासून सगळं सांगितलं. ऑफिसला वीस मिनिटं उशीर. लिहा तुमचेही. प्रश्न कितीही येडा असो, उत्तर काय दिलंत? आणि कुणी तुम्हाला नीट उत्तर दिलं असेल तर तेही.

साबुदाणा_वडा:
मस्त धागा!! चहा ठेवलाय, येते लिहायला.

पगवाला_पार्लेकर:
आमच्याकडे २००४ ते २०१७ पग होता. त्या तेरा वर्षांत त्याला त्याच्या नावाने कुणीही हाक मारली नाही. रिक्षावाला, भाजीवाला, बँकेचा शिपाई, सगळ्यांचं एकच, "ये हच का कुत्ता है ना?" पुढे त्या जाहिरातवाल्या मोबाइल कंपनीचं नाव बदललं, कुत्र्याचं तेच राहिलं. सुरुवातीला मी "पग, पग, पी यू जी" करायचो. नंतर बायको म्हणाली अरे हो म्हणून मोकळा हो ना.

पण एका प्रश्नाला मात्र कायम थांबून उत्तर दिलं. "कुठे मिळेल?" नाक चपटं म्हणून श्वास अपुरा पडतो, मे महिन्यात दुपारी बाहेर नेलं तर धाप लागते, रात्री घोरणं ऐकून शेजारी आमच्या वडिलांची चौकशी करायचे. डोळे बाहेर, त्यांना सारखं काहीतरी लागणार. चेहऱ्यावरच्या घड्या रोज पुसायच्या, नाहीतर वास आणि खाज. हे सगळं हनुमान रोडवर उभं राहून किमान पन्नास जणांना सांगितलं असेल. एका जोडप्याला तर घरी बोलावून घोरणं ऐकवलं. त्यांनी मान डोलावली, पोहे खाल्ले, आणि पुढच्या महिन्यात पग घेतला.

कट्ट्यावरची:
घोरणं ऐकवायला घरी बोलावलं =))

बोरिवलीचा_वाघ:
आमची मुधोळ. लोक जात विचारतच नाहीत, डायरेक्ट आरोप. "खायला घालत नाही का हो?" एका आजींनी तर पिशवीतून पाव काढून दिला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन दिवस त्या गल्लीतून गेलो नाही. मी सांगत राहतो की आजी, ही धावणारी जात आहे, बरगड्या दिसायलाच हव्यात. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली त्यात मुधोळ होती, २०१६ मध्ये लष्कराने मेरठला ट्रेनिंगसाठी नेली. पाठ झालंय आता.

मग आमच्याकडे नवीन वॉचमन आले. पहिल्या दिवशी तिला बघून खुर्चीतून उठलेच. "साहेब, ही तर आमच्याकडची कारवानी!" मी म्हटलं नाही हो, मुधोळ. ते म्हणाले तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, आमच्या गावात हिच्या आजीनं ससे धरलेत. तुळतुळीत असते ती कारवानी, कानाला-शेपटीला केसांची झालर असते ती पश्मी, तिला खायला काय घालायचं, पावसात सांधे का आखडतात... मी अर्धा तास उभा. सहा वर्षं मी लोकांना उत्तरं देत होतो, आणि त्या दिवशी मीच प्रश्न विचारत होतो. आता रात्री साडेदहाला ती स्वतःच गेटवर त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसते.

तासगावची_सून:
वॉचमन कुठले? सांगलीकडचे का? आमच्या सासरी शेतावर होती एक अशीच, आम्ही नुसतं कुत्रं म्हणायचो. मुंबईत येऊन कळलं की ती "ब्रीड" होती!

बोरिवलीचा_वाघ:
जतचे आहेत.

तासगावची_सून:
अगं बाई, जवळच की. विचारा त्यांना यंदा पाऊस कसाय तिकडे.

घाबरट_पण_प्रेमळ:
माझ्याकडे कुत्रा नाही आणि कधी असणारही नाही, मी भीषण घाबरते. लहानपणी लालबागला चावलाय, पोटात इंजेक्शनं घेतलेल्या पिढीतली आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर एक रॉटवायलर आला. लिफ्टचं दार उघडलं की आत तो. मी जिन्याने सहा मजले चढायचे. एक दिवस त्या मुलीने लिफ्टमधून बाहेर येऊन विचारलं, "काकी, तुम्ही आधी जा, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो. आणि तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा, तो लांबच राहील." मी काय विचारणार? तोंडातून निघालं, "हा रागावलाय का?" ती म्हणाली नाही, तोंडच तसं आहे. जर्मनीत ही कुत्री गुरं हाकायची, खाटकांच्या गाड्या ओढायची. आता हा फक्त सोफा सांभाळतो.

तेव्हापासून दोन वर्षं झाली, ती अजूनही दर वेळी लिफ्ट सोडते. हात मी अजून लावलेला नाही. पण परवा त्याला ताप होता तर मी वर जाऊन दारातून विचारून आले.

कट्ट्यावरची:
दारातून विचारून आलात, हेच खूप आहे हो.

इंडीची_आई:
"कोणत्या जातीचा?" या प्रश्नाला मी आधी खूप चिडायचे. आपल्याकडे माणसाला विचारतात तेवढं पुरे नाही का! आमचा मोती माहीमच्या मच्छी मार्केटबाहेर पावसात सापडलेला. मग मी थापा मारायला लागले. "माहीम हाउंड." "कोकण रिट्रीव्हर." लोक गंभीरपणे मान डोलवायचे, एकाने किंमत पण विचारली. मजा यायची खरं सांगायचं तर.

एकदा खालच्या मजल्यावरची एक मुलगी, तिसरीतली, दोन दिवसांनी परत आली. "आंटी, मी टॅबवर शोधलं. माहीम हाउंड नाहीचेय." तिचा चेहरा असा झाला होता की मला माझीच लाज वाटली. मग बसवलं तिला पायरीवर. म्हटलं, हा आपला देशी. याला कुणी ठरवून बनवलेला नाही, हजारो वर्षं माणसांच्या वस्तीच्या कडेने राहून राहून असा झालाय. म्हणून अंग आटोपशीर, कान उभे, उन्हात तग धरतो. कानाचा तुकडा का नाही तेही सांगितलं, नसबंदी करून लस दिली की खूण म्हणून कापतात. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे हा ओरिजनल आहे." आता मी सगळ्यांना हेच सांगते. ओरिजनल.

पगवाला_पार्लेकर:
ओरिजनल! दंडवत त्या पोरीला.

फोर्टातला_कारकून:
इंडीची_आई, ओरिजनलवाल्यांना टाटांच्या मुख्यालयात, बॉम्बे हाउसमध्ये, २०१८ पासून स्वतःची खोली आहे, माहीत असेलच. आमच्या ऑफिसात माणसांना नाही.

आणि धागाकर्तीच्या पारशी आजोबांवरून आठवलं. १८३२ च्या जूनमध्ये याच फोर्टात कुत्र्यांवरून दंगल झाली होती. सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, शिपायांना डोकी मोजून पैसे, मग ते घराघरातून कुत्री ओढायला लागले. पारशांमध्ये कुत्र्याला धर्मात स्थान, मयतावर कुत्र्याची नजर पडावी लागते. दुकानं बंद झाली, कुलाब्यातल्या गोऱ्या फौजेला पाव-पाणी मिळेना. दोनेकशे वर्षं मुरलेलं प्रेम आहे ते. तुमचे आजोबा उगाच नाही गुडघे मोडून बसले.

कट्ट्यावरची:
बापरे, हे माहीत नव्हतं. रोज फोर्टात उतरते मी.

स्पिट्झ_म्हणा:
विषय निघालाच आहे तर. मुंबईत ज्याला सगळे पॉमेरेनियन म्हणतात तो ९९ टक्के वेळा पॉमेरेनियन नसतो. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोचा, हातात मावतो. तुमच्या मावशीकडे होता, दारावर भुंकायचा, तो इंडियन स्पिट्झ. मी प्रत्येकाला प्रेमाने सांगतो.

पगवाला_पार्लेकर:
किती प्रेमाने ते दिसतंय :)

स्पिट्झ_म्हणा:
रस्त्यात प्रेमाने. इथे टाइप करताना तसं वाटतं.

मुलुंडकर_७७:
मुलुंड-भांडुपकडे चांगला व्हेट सुचवा प्लीज. पिल्लू तीन महिन्यांचं आहे, पावसाळ्याआधी लेप्टोची लस द्यायची का?

इंडीची_आई:
द्यायचीच. मुंबईत उंदीर आणि तुंबलेलं पाणी, टाळू नका. एका डोसात भागत नाही, काही आठवड्यांनी दुसरा असतो. व्हेटसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

हस्कीमुळे_बदनाम:
लिहू की नको करत होते. मला प्रश्न कमी आणि शिव्या जास्त मिळतात. "मुंबईत हस्की? लाज नाही वाटत?" ठाण्याला तलावपाळीवर एका बाईंनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता.

त्यांचं चुकत नाही. सायबेरियाच्या थंडीत गाड्या ओढणारी जात, इथल्या दमटपणात तिचं काय काम? मलाही हेच वाटतं. पण मी तिला विकत घेतलेलं नाही. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने लॉकडाउनमध्ये घेतली आणि परदेशी जाताना पार्किंगमध्ये बांधून गेले. तीन दिवस ती रडली. चौथ्या दिवशी वर आणली, पाचव्या दिवशी सासूबाईंनी तिला लक्ष्मी म्हटलं, विषय संपला.

सकाळी साडेपाचला फिरवते, मग रात्री नऊनंतर. दिवसभर फरशी आणि एसी, बिल विचारू नका. "केस का भादरत नाही?" हा दुसरा प्रश्न. तर तो दुहेरी कोट असतो, ऊनही अडवतो, भादरला तर कातडी भाजते आणि केस परत नीट येत नाहीत. विंचरून आतला गळता थर काढायचा. रोज. घरात इतकी लोकर निघते की गोधडी होईल.

शिव्या देणाऱ्यालाही मी हे सगळं सांगते. शेवटी म्हणते, बरं झालं बोललात, असंच विकत घेणाऱ्यालाही बोला. त्या फोटोवाल्या बाई आता मे महिन्यात बर्फाचा ट्रे घेऊन येतात.

तासगावची_सून:
लक्ष्मीला माझ्याकडून एक पापी.

परळची:
छोटंसं. आमची लॅब चौदा वर्षांची होऊन गेली, २०२२. बैलघोड्यांच्या हॉस्पिटलातून बाहेर आले तेव्हा हातात फक्त पट्टा. टॅक्सी केली. ड्रायव्हर भय्याजी आरशातून बघत होते, नंतर विचारलं, "कौन सी जात का था?" म्हटलं लॅब्राडोर. "रंग?" काळा. "नाम?" सांगितलं. "क्या खाता था?" पुलाखाली सिग्नल लागला, तिथे मी त्यांना सांगत बसले, आंब्याची कोय, पोळीचे काठ, एकदा तर अख्खं रेशनकार्ड. मीटर त्यांनी कधी बंद केला कळलंच नाही.

कट्ट्यावरची:
...

बोरिवलीचा_वाघ:
काय बोलू. रेशनकार्ड खाणाऱ्यांना नमस्कार.

साबुदाणा_वडा:
आले. चहा उतू गेला, मग कामवाली आली, मग आमचं दिवटं खिडकीतून कबुतरावर ओरडायला लागलं. बीगल आहे. मला सगळे एकच विचारतात, "काटता है क्या?" मी सांगते, नाही, फक्त तुमच्या हातातला वडापाव सांभाळा. कुणीच सांभाळत नाही. आत्तापर्यंत चार जणांना नवीन घेऊन दिलेत. दादरला एकाने तर मुद्दाम खाली धरला होता, त्याचे मी दिले नाहीत.

मुलुंडकर_७७:
व्यनि मिळाला, धन्यवाद. पिल्लू कोणत्या जातीचं आहे तेच मला माहीत नाही, फोटो टाकू का?

स्पिट्झ_म्हणा:
टाका टाका.