गव्हर्नर जनरल नुसता शिक्क्याचा धनी?

ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांत ब्रिटनचा राजा किंवा राणीच राष्ट्रप्रमुख असते, आणि गव्हर्नर जनरल हा त्यांचा तिथला प्रतिनिधी. 'गव्हर्नर जनरल म्हणजे राजा-राणीच्या नावाने सही करणारा शोभेचा माणूस' असं अनेकदा म्हटलं जातं. एरवी ते खरंच आहे, पण ऑस्ट्रेलियातलं १९७५ साल विसरून चालणार नाही.

लेबर पक्षाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे कनिष्ठ सभागृहात बहुमत होतं. सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, मात्र विरोधकांनी सरकारी खर्चाला मंजुरी देणारी अर्थविधेयकं अडवून धरली होती. ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल सर जॉन केर यांनी व्हिटलमना पदावरून काढलं आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमलं. केर यांची नेमणूक व्हिटलम यांच्याच शिफारशीने झाली होती! त्या दुपारी कनिष्ठ सभागृहाने फ्रेझरवर अविश्वास दाखवला, तरी केर यांनी दोन्ही सभागृहं विसर्जित केली.

कनिष्ठ सभागृहाच्या सभापतींनी तेव्हाच्या राणी एलिझाबेथ यांना पत्र लिहून दाद मागितली. उत्तर आलं की हे अधिकार राज्यघटनेने गव्हर्नर जनरलच्या हाती दिलेत, राणी त्यात हस्तक्षेप करणार नाही. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. म्हणजे प्रतिनिधी राणीचा, पण निर्णय त्याचा स्वतःचा. आणि दाद मागायला वर कुणीच नाही.

डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर प्रचंड बहुमताने जिंकले, म्हणून काहीजण केर यांना बरोबर ठरवतात. मला ते पटत नाही. बडतर्फीचा विचार चालू असताना त्यांनी पंतप्रधानांना स्पष्ट इशारा दिलाच नाही. सल्ला देणं, सावध करणं हे तर या पदाचं पहिलं काम.