2011 ची, कमी चाललेली मोटारसायकल घ्यावी का? रविवारपर्यंत उत्तर हवे आहे

पांदणवाट (दारव्हा तालुका)
नमस्कार. शेजारच्या गावात एक जुनी मोटारसायकल विकायला आहे. मीटरवर जेमतेम 11,400 किलोमीटर दिसतात आणि टाकीचा रंग अजून शाबूत आहे. किंमत 26,000 रुपये सांगितली असून, रविवारपर्यंत विसार दिला नाही तर दिग्रसचे गिऱ्हाईक गाडी घेऊन जाईल, असा निरोप आहे. सोयाबीनच्या पेरणीआधी मला गाडी हवीच आहे, कारण तालुक्याला जाण्यासाठी दर वेळी कोणाच्या तरी मागे बसावे लागते. घ्यावी की घेऊ नये, एवढेच सांगावे. नवी घ्या, असा सल्ला कृपया देऊ नये. तेवढे पैसे असते तर विचारले नसते.

जुना_फिटर
भाऊ, कंपनी कोणती, मॉडेल कोणते, नोंदणी कोणत्या महिन्यातली आणि विकणारा कितवा मालक, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. किलोमीटरचा आकडा सर्वांत शेवटी पाहायचा असतो.

पांदणवाट
हीरो होंडा स्प्लेंडर प्लस आहे, हे लिहायचे राहिले. नोंदणी मार्च 2011 ची, एमएच 29 म्हणजे आपल्या यवतमाळचीच, एकच मालक. ते शिक्षक होते आणि शाळा गावातच होती, त्यामुळे गाडी फारशी बाहेर निघाली नाही. आता तरी सांगा.

वर्धाकाठ
म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षे मार्च 2026 मध्ये भरतात. त्यानंतर नमुना 25 भरून नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो, गाडी तपासणीसाठी आरटीओकडे न्यावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांचे होते. शिवाय 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणे बंधनकारक आहे. हा सर्व खर्च विकणाऱ्याच्या हिशेबात नाही, तो आपल्या खिशातून जाणार आहे. त्यामुळे 26,000 हा भाव मला चढा वाटतो.

चार्जिंगवाला
या किमतीत थोडी भर घालून जुनी विजेवरची स्कूटर मिळते. पेट्रोलची कटकटच राहत नाही. मी स्वतः अमरावतीत वर्षभर चालवतो आहे.

वर्धाकाठ
त्यांना पांदण रस्त्याने फवारणी पंप घेऊन जायचे असेल, तर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये बसल्यावर आपली लहान चाकांची स्कूटर जागची हलणार नाही. अमरावतीच्या डांबरी रस्त्याचा अनुभव इथे कामाचा नाही.

जुना_फिटर
मूळ प्रश्नाकडे येऊ. पाहायला जाल तेव्हा आधी कळवा की, गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचताच सायलेन्सरच्या वाकलेल्या नळीला हात लावून पाहा; गरम असेल तर थंड इंजिनाचा त्रास लपवण्यासाठी आधीच किक मारली आहे, असे समजा. थंड गाडी सुरू झाल्यावर निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जाळते आहे. बारा-चौदा वर्षे नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल सील कडक होतात, कार्बोरेटरच्या जेटमध्ये पेट्रोलचा चिकटा बसतो आणि टाकी आतून गंजते. टाकीचे झाकण काढून टॉर्च मारा. मग फूटरेस्टचे रबर, मागच्या ब्रेकच्या पायपट्टीची कड आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात पाहा. अकरा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या फूटरेस्टवरच्या रेघा बोटाला लागल्या पाहिजेत, आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले दिसता कामा नयेत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालचे, तेही लिहून आणा.

पांदणवाट
आज जाऊन आलो. इंजिन गार होते, तिसऱ्या किकला सुरू झाले, धूर दिसला नाही. टाकीच्या तळाला तांबूस भुकटी आहे. डाव्या फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झाले आहे, उजव्याच्या रेघा थोड्या लागतात. पुढच्या टायरवर 0611 आहे आणि मागच्यावर 0919. अजून काय हवे?

गाडीघोडा
मागचा टायर 2019 मध्ये किंवा त्यानंतर बदलला आहे. अकरा हजारांत टायर झिजत नाही. मीटर फिरवलेले आहे, सरळ सोडून द्या.

जुना_फिटर
एवढी घाई करू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आठ वर्षांत टायरला भेगा पडतात, मग तो चालला असो वा नसो. पुढचा टायर मूळचाच दिसतो, आणि तोही तडकलेला असणार. तो बदलल्याशिवाय चालवणे धोक्याचे आहे. मला टायरपेक्षा ते गुळगुळीत रबर खटकते. पांदणवाट भाऊ, गाडी चालवून पाहिली तेव्हा मीटरचा काटा हलला का?

पांदणवाट
नाही. मीटरची केबल कधीची तुटलेली आहे, असे तो मुलगा म्हणाला. केबल साध्या खर्चाची असते, म्हणून लिहिले नव्हते.

गाडीघोडा
मग 11,400 हा आकडा केबल तुटली त्या दिवसाचा आहे. तुम्ही इतके दिवस कोणत्या कमी किलोमीटरबद्दल विचारत होता?

शेतशिवार
कोणत्याही जुन्या गाडीत हल्लीचे इथेनॉलचे पेट्रोल भरायचे तर टाकी कधी रिकामी उभी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि पत्रा गंजतो. मी माझ्या जुन्या पॅशन मोटारसायकलच्या कार्बोरेटरची रबरे बदलून घेतली आहेत. अ‍ॅव्हरेज मात्र थोडे उतरले.

वर्धाकाठ
अ‍ॅव्हरेज कोणीच विचारलेले नाही. मला वेगळी शंका आहे. आपण ‘ते शिक्षक होते’ असे लिहिता आणि व्यवहार ‘तो मुलगा’ करतो. आरसीवरचे, म्हणजे नोंदणीपत्रावरचे, मालक कुठे आहेत?

पांदणवाट
गुरुजी वारले. गाडी त्यांचा पुतण्या विकतो आहे, काकू गावातच असतात. टीटी फॉर्मवर (मालकी बदलण्याच्या अर्जावर) गुरुजींच्या जुन्या सह्या आहेत, एजंट नाव लावून देईल, असे पुतण्या म्हणतो.

गाडीघोडा
आमच्याकडे अर्ध्या गाड्या अशाच चालतात. काही होत नाही.

वर्धाकाठ
अपघात होईपर्यंत काही होत नाही. मृत माणसाच्या सहीवर केलेले हस्तांतरण खोटे ठरते, आणि त्यात आपलेही नाव येते. आधी नमुना 31 भरून, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती जोडून गाडी काकूंच्या किंवा ज्या वारसाकडे ती जाईल त्याच्या नावे व्हायला हवी. त्यानंतर नमुना 29 आणि 30 वर त्यांच्या सहीने ती आपल्या नावे होईल. मुले असतील तर त्यांचीही संमती लागेल. पुतण्याला हा व्यवहार करण्याचा अधिकारच नाही. गाडीवर कर्ज होते का, विमा कधीचा संपला आणि जुने चलान बाकी आहेत का, हे परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर नंबर टाकून आजच पाहा. विसार देऊ नये.

पांदणवाट
अ‍ॅपवर पाहिले. कर्ज नाही, चलान नाही, विमा 2020 पासून नाही. संध्याकाळी थेट काकूंकडे जाऊन आलो. गाडी विकायला काढली आहे हे त्यांना माहीत होते, पण 26,000 हा आकडा त्यांनी माझ्याकडूनच ऐकला. त्यांच्या दोन मुली आहेत, त्यांची संमती घेऊन आधी स्वतःच्या नावे करून घेते, असे त्या म्हणाल्या. रविवारची मुदत संपली तरी चालेल. टायर, चेन किट आणि टाकीचे काम धरून मी कितीपर्यंत बोलावे?

जुना_फिटर
इंजिनाची टायमिंग चेन वाजते का ते आधी ऐका. वाजत नसेल तर अठरा हजारांच्या वर जाऊ नका, आणि नवी केबल विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या.