जांघेतली गाठ: हर्नियाचे अनुभव लिहा (नाव नको)

मंडळी, मागच्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि मग कळलं की आमच्याच शेडमधल्या आणखी तिघांना हेच हाय, पण जागाच अशी की कोण कुणाला सांगणार. म्हणून धागा काढला.

माझंच आधी सांगतो. वय 47, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर. बीम (सूत गुंडाळलेले जड रूळ) उचलायचे आणि वर सुताच्या धुरळ्यानं बारमाही खोकला. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ, संध्याकाळी बाहेर, रात्री आडवं झालं की गायब, त्यामुळं दोन वर्षं तशीच काढली. डॉक्टरनी उभं करून खोकायला लावलं, बोटाला धक्का लागला, झालं निदान. मग त्यांनी पायजम्यावरच समजावलं की ओ! नेफा असतो ना, तसा जांघेत साधारण चार सेंटीमीटरचा तिरपा बोगदा, आणि त्यातली नाडी म्हणजे अंडकोषाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या नि वीर्यनलिका. आतलं भोक कमरेच्या हाडाकडं, बाहेरचं मध्याकडं, दोन्ही समोरासमोर नाहीत म्हणून खोकलं तरी बोगदा दाबून मिटतो. आतलं भोक सैल पडलं की नाडीबरोबर आतडं पण नेफ्यात शिरतं. आता नाडी तर काढून टाकता येत नाही, म्हणून तिला वाट ठेवून जाळी बसवली.

---

जुळे सोलापूर. मुलगा सातव्या महिन्यातच जन्मलेला. रडला की जांघेत फुगा. सासूबाई म्हणाल्या आंत उतरलंय, दोरा बांधू. मी सरळ सर्जनकडं. ते म्हणाले, अंडकोष पोटात तयार होतात आणि जन्माआधी ह्याच वाटेनं खाली येतात, सोबत पोटाच्या अस्तराची पिशवी ओढली जाते, ती नंतर मिटायची ती मिटली नाही, आणि दिवस पुरे न झालेल्या बाळांत हे जास्त. लहान मुलांना जाळी घालत नाहीत, नुसती पिशवी बांधून टाकली. दुसऱ्या दिवशी घरी.

---

आमच्या आईचं वेगळंच झालं. वय 71. दोन दिवस उलट्या, पोट फुगलेलं. एका ठिकाणी ॲसिडिटी म्हणून सलाईन लावून परत पाठवलं, लुगडं बाजूला करून कुणी जांघ बघितलीच नाही, आणि आईपण लाजेनं बोलली नाही. दुसरीकडं नेलं तर सुपारीएवढी टणक गाठ, दाबून आत जाईना. कमरेच्या हाडापासून खाली जी पट्टी येते तिच्या वर नव्हती, खाली होती, मांडीच्या रक्तवाहिनीशेजारी. हा प्रकार बायकांत जास्त, आणि तिथलं तोंड अरुंद, कडा कडक, म्हणून आतडं पटकन अडकतं. रात्रीच ऑपरेशन, काळं पडलेलं थोडं आतडं कापावं लागलं. आई वाचली. मी मात्र त्या सलाईनवाल्यावर अजून चिडून हाय.

---

माझा हर्निया नव्हताच, अंडवृद्धी निघाली, म्हणजे अंडकोषाभोवती पाणी साचलेलं. गाठीच्या वर बोट पोचत होतं, आणि टॉर्च लावल्यावर आरपार उजेड दिसला.

---

मी नंदीध्वज (उंच, जड मानाची काठी) पेलणारा. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून उभा नंदीध्वज घेऊन चालायचं, सरावात दोन्हीकडं दुखायला लागलं. माझ्यात भोक नाही, नेफ्याची मागची भिंतच ढिली. पट्टा वापरला वर्षभर, गाठ दाबून राहते, बरी काय होत नाही. दुर्बिणीनं तीन छिद्रांतून आतल्या बाजूनं दोन्हीकडं जाळ्या बसवल्या. डॉक्टरला विचारलं पुन्हा कधी उचलू, ते हसले आणि म्हणाले आधी बद्धकोष्ठ घालवा. यंदा नुसता सोबत चाललो, पोराच्या हातात दिला.

---

धागाकर्ता परत: जखमेखालची कातडी अजून बधिर हाय, तिथून जाणारी बारीक नस दुखावते म्हणे. तुमची किती दिवसांनी जागी झाली?