मधुमेहात लाल पामतेलाने साखर उतरते का?

तेलतूप: टाइप 2, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं वर. सकाळी उपाशीपोटी दोन चमचे लाल पामतेल घेतल्यास साखर ताब्यात राहते असं सगळीकडे फिरतंय. घ्यावं का? किराणा दुकानातलं पामोलिन म्हणजे तेच का?

आहारमोजणी: साखरेसाठी म्हणून घेऊ नका. या दाव्यामागचे बरेचसे प्रयोग तेलाचे नाहीतच. पामची फळं पिळताना जे पाणी निघतं, त्यातल्या फिनॉल्सचे (पाण्यात विरघळणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांचे) ते आहेत, आणि तेही माणसांवर नाही, नाईल उंदीर या उंदरांच्या जातीवर. बाटलीतल्या तेलात ते द्रव्य जवळपास नसतंच.

लाल तेलात कॅरोटिन (लाल रंग देणारं द्रव्य) आणि टोकोट्रायएनॉल (ई जीवनसत्त्वाचा प्रकार) असतात, हे खरं. पण निम्मं तेल संपृक्त चरबी (एलडीएल वाढवणारी) आहे. शेंगदाणा तेलात ती साधारण 18 टक्के, करडईत 10 च्या आत. 1600 कॅलरींच्या आहारात एलडीएल वाढलेलं असेल तर संपृक्त चरबी 12 ग्रॅमपर्यंतच ठेवायची. सकाळचे दोन आणि भाजीतले दोन धरून चार चहाचे चमचे पामतेल (18 ग्रॅम) म्हणजे 9 ग्रॅम तिथेच संपले. वर गायीच्या दुधाचा एक कप, की ओलांडलीच मर्यादा!

घाणीवाला: पामोलिन ते नव्हे, तो पामतेलाचा शुद्ध केलेला पातळ भाग. रंग शोषणाऱ्या मातीने रंग काढून 240 अंशांच्या आसपास वास घालवतात, त्यात कॅरोटिन जवळजवळ सगळं जातं. लाल तेलही धूर निघेस्तोवर तापवलं तर रंग उडतो. मग महागाचं तेल घेऊन मिळवलं काय? आणि बियांच्या गराचं पाम कर्नेल तेल वेगळंच, त्यात संपृक्त चरबी 80 टक्क्यांच्या वर.

तेलतूप: म्हणजे चवीपुरतंही नको?

आहारमोजणी: चवीला चालेल, पण वरून नाही, *ऐवजी*. एक चमचा (40 कॅलरी) भाजीत घातला तर फोडणीतला एक चमचा कमी करा. तेलात कर्बोदकं नाहीत, म्हणून ते प्यायल्यावर लगेच साखर चढत नाही. लोक ग्लुकोमीटर बघून खूश होतात ते यामुळे. खरं कळायचं तर एचबीए1सी (सरासरी साखरेची रक्ततपासणी) तीन महिन्यांनी आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आठ-बारा आठवड्यांनी. मेटफॉर्मिन मधेच बंद करू नका.

घाणीवाला: घरी लाल तेल मोजत बसाल आणि फरसाण-बिस्किटांतून पामोलिन पोटात जाईल. पुडीवर "खाद्य वनस्पती तेल (पामोलिन)" लिहिलेलं असतं, तेही धरा हिशेबात.